हात ठेवायची परीक्षा

निवृत्त झालो तेव्हा गणवेशाचे बहुतेक सामान वाटून टाकले. एक खाकी शर्ट मात्र राहिला आहे. त्याच्या उजव्या बाहीवर कोपरापाशी तळहाताएवढा चंदेरी डाग आहे. धोब्याने रॉकेल लावून पाहिले, बायकोने आणखी काय काय लावले, पण डाग गेला नाही. कपाट आवरताना तो शर्ट हाती लागला की तेलमिलचे ते प्रकरण पहिल्यापासून शेवटपर्यंत डोळ्यांपुढे उभे राहते.

डाग पडला तो उद्घाटनाच्या दिवशी. आदिलाबाद शहराबाहेर सरकीचे तेल काढणारी नवी मिल उभी राहिली होती आणि मोठे पाहुणे येणार म्हणून सर्कल इन्स्पेक्टर या नात्याने बंदोबस्त माझ्याकडे होता. पोलीस जितकी उद्घाटने पाहतो तितकी पुढारीसुद्धा पाहत नसेल. फरक इतकाच की पुढाऱ्याला खुर्ची असते. पाहुणे नेहमीप्रमाणे उशिरा आले. मी उभा राहून कंटाळलो आणि बॉयलरपासून मिलमध्ये जाणाऱ्या जाड नळाला कोपर टेकले. नळावर पत्र्याचे आवरण होते, आणि त्याला त्याच सकाळी घाईघाईने चंदेरी रंग मारला होता. तिकडे छतापाशी रंगारी शिडीवर चढून अजून ब्रश फिरवत होते आणि ठेकेदार खालून त्यांना शिव्या देत होता. पाहुण्यांनी लाल गालिच्यावरून चालत येऊन फीत कापली. मी घरी जाऊन शर्ट बदलला.

त्यानंतर काही महिन्यांनी, कापसाचा सीझन भरात असताना, मिलमध्ये आग लागल्याचा फोन ठाण्यात आला. आम्ही पोहोचलो तेव्हा अग्निशमन दलाने आग विझवली होती. नुकसान फारसे नव्हते. पण सरकी झाडणारी एक बाई सरकीवरून घसरली होती आणि पडू नये म्हणून तिने तोच वाफेचा नळ धरला होता. तिचा हात तळव्यापासून मनगटापर्यंत भाजला होता. त्याच जागी पत्र्याच्या सांध्यातून धूर निघाला आणि ठिणगी खालच्या सरकीच्या ढिगावर पडली होती. दलाच्या जवानांनी तिथला पत्रा ओरबाडून काढला, तर आत काळाठिक्कर जळका कापूस.

इथे वाचकांना थोडे सांगायला हवे. वाफेच्या नळावर रॉकवूल, म्हणजे दगड वितळवून केलेली लोकर, गुंडाळतात आणि वरून पत्रा स्क्रूने आवळतात. त्यामुळे वाफेची उष्णता आत राहते आणि बाहेरच्या माणसाचा हात वाचतो. कारखान्यांत या कामाला लॅगिंग म्हणतात. दगडी लोकर जळत नाही. कापूस जळतो, हे आदिलाबादेत सांगायला पोलीस लागत नाही.

मिलमालकाने लगेच फिर्याद दिली. त्याच्या शेजारी ठेकेदार बसला होता. ठेकेदार हैद्राबादेकडचा, बोलायला गोड.

"साब, हमने तो पूरा रॉकवूल डाला था. ये यूनियन वालों का काम है. पत्रा खोला, माल निकाला, कापूस भर दिया."

यूनियन म्हणजे लॅगिंग कामगारांची संघटना. तामसीच्या रस्त्यावर तिची एक पत्र्याची शेड होती. महाराष्ट्राच्या सीमेवरच्या गावांतले तरुण तिथे काम शिकत आणि मग लांबलांबच्या वीजकेंद्रांत कामाला जात. ठेकेदाराने त्यांना न घेता बाहेरून मजूर आणले होते, म्हणून संघटना मिलच्या गेटवर झेंडे घेऊन बसली होती. संघटनेच्या अध्यक्षांनी तेव्हा माइकवरून 'संघर्षाची आग' वगैरे बरेच पेटवले होते. अध्यक्षांचे कोणतेच भाषण आगीशिवाय पूर्ण होत नसे. ठेकेदाराने ते मोबाइलवर उतरवून ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात निनावी फोन आला. यूनियनच्या शेडमध्ये मिलचा माल आहे, एवढेच सांगून माणसाने फोन ठेवला. आम्ही छापा घातला. माल खरोखर होता. रॉकवूलच्या गुंडाळ्या, आणि वरच्या आवरणावर मिलचे नाव ठळक छापलेले. पंचनामा केला, शेडला सील ठोकले आणि शेडचा ताबा ज्याच्याकडे होता त्या शिकवणाऱ्या माणसाला अटक केली. सगळे त्याला वस्ताद म्हणत. पन्नाशीचा, रुंद पंजांचा, आणि स्वतःच्या कामाबद्दल इतका ताठा असलेला की माझ्यासमोरही तो पाहुण्यासारखा बसला.

"लोकर कुठून आणली?"

"निर्मल गावच्या भंगारवाल्याकडून. इकत घेतली."

"त्यावर मिलचं नाव आहे."

"हाव, नाव पाह्यलं ना. म्हनूनच घेतली. म्हटलं, नळाले घालाची लोकर ठेकेदारानं भंगारात काऊन इकली, हे आपल्या पोरायले दाखवतो."

"मग मिलला का नाही सांगितलं?"

"गेलो होतो. गेटवरून हाकललं. मंग अध्यक्षायले सांगितलं. त्यायनं भाषण केलं. तासभर. त्याच्यात आमची लोकर कुठं बुडाली ते त्यायलेच ठाऊक."

"आणि पोलिसांना?"

"तुमी आले असते काय साहेब?"

आमचा हवालदार जबाब तेलुगूत लिहून घेत होता. त्याने पेन थांबवून माझ्याकडे पाहिले. हा प्रश्न लिहू नकोस, असे मी त्याला खुणेने सांगितले. निर्मलला माणूस पाठवला, तर भंगारवाल्याचे दुकान बंद. तो पाहुण्यांकडे लग्नाला बाहेरगावी गेला होता आणि फोन लागत नव्हता.

संध्याकाळी मिलमालक आणि ठेकेदार ठाण्यात आले. बरोबर गावातले एक प्रतिष्ठित गृहस्थ. अशा वेळी एक प्रतिष्ठित गृहस्थ नेहमी बरोबर असतो. त्यांचा प्रस्ताव साधा होता. शेड कायमची बंद करतो असे वस्तादने लिहून द्यावे, म्हणजे फिर्याद ढिली करता येईल. न दिल्यास दुसऱ्या दिवशी त्याला कोर्टापुढे उभे करायचेच होते, आणि आगीचे कलम असल्यामुळे जामीन सोपा नव्हता.

मी ते वस्तादच्या कानावर घातले. तो गजाआड उभा राहून ऐकत होता.

"शेड बंद नाई होत," तो म्हणाला.

"तुरुंगात जाशील."

"जातो. साहेब, मी वीस वर्सं उघड्या हातानं लोकर लावली. ना हातमोजे, ना तोंडाले फडकं. लोकर आंगात घुसते, रातभर खाजवते, छातीत बसते. आमाले कोनी शिकवलंच नाई. आता पोरं तिथं शिकतात, मोजे घालतात, मोजे नाई दिले तं कामाले हात लावत नाई. ठेकेदाराले तेच खुपते. ते बंद करून मी घरी जाऊन काय करू? बायकोले लोकर लावू?"

हवालदार हसला आणि मग हसल्याबद्दल खाकरला.

वरिष्ठांचाही फोन आला. सीझन आहे, ताणू नका, पुरावा तर आहेच. ते खरेच होते. हेतू होता, माल होता, भाषण होते. इतकी आयती केस मला नोकरीत क्वचितच मिळाली. आयत्या शिवलेल्या कपड्याची मला धास्ती वाटत नाही, पण आयत्या केसची वाटते. फाइल मिटवण्याआधी भाजलेल्या बाईचा जबाब मी स्वतः घ्यायचे ठरवले आणि दवाखान्यात गेलो.

ती तिशीची होती, जैनथकडच्या गावची. हात पट्टीत बांधलेला.

"धूर कधी पाहिलास?"

"धूर त्या दिवशीच पाह्यला. पन जळका वास तं लई दिसापासून येऊन राह्यला होता. आमी सगळ्या बायायनं मुकादमाले सांगितलं. तो म्हने, चिमनीचा हाय, काम करा."

"वास कुठे येत होता? जिथे आग लागली तिथे?"

"सगळीकडंच. पार छतापर्यंत."

निघताना मी विचारले, नळ गरम असतो हे ठाऊक नव्हते का? ती म्हणाली, "चांदीवानी चमकत होता साहेब. मले वाटलं, एवढा चांगला केला हाय, तं थंडच असंन."

मी जीपमध्ये बसलो तेव्हा एक गोष्ट स्पष्ट झाली होती. सूड घेणारा माणूस एका जागी कापूस भरून पळून जाईल. छतापर्यंतचा नळ भरत बसणार नाही. आता सगळा नळ तपासायचा होता. मिलमालक म्हणाला, सीझनमध्ये वाफ बंद करणे म्हणजे मिल बंद करणे, कोर्टाचा हुकूम आणा. हुकूम येईपर्यंत वस्ताद तुरुंगात गेला असता.

मी ठाण्यात परत येऊन वस्तादलाच विचारले, "वाफ चालू असताना आत काय आहे ते कळतं का?"

"परीक्षा घ्या ना मंग," तो म्हणाला.

तेव्हा मला त्यांच्या शेडची रीत कळली. शिकणाऱ्याने नळाला लोकर लावून पत्रा आवळला की त्या नळात वाफ सोडायची. नळ तापला की त्याने आपल्याच कामावर उघडा तळहात ठेवायचा आणि वस्तादचा चहा संपेपर्यंत उचलायचा नाही. हात टिकला तर पास. वस्ताद चहा सावकाश पीत असे, अशी पोरांची तक्रार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी, कोर्टाची वेळ होण्याआधी, आम्ही मिलमध्ये गेलो. पंच म्हणून तहसीलचे गिरदावर, म्हणजे महसूल निरीक्षक, आणि एक शाळामास्तर. मालक आणि ठेकेदार हजर होते. वस्तादने बॉयलरजवळ नळावर पंजा ठेवला आणि मला म्हणाला, "चहा सांगा साहेब."

चहा आला. मीही हात ठेवला. नुकत्याच उतरवलेल्या भाकरीच्या टोपलीइतका कोमट. आम्ही नळाच्या कडेने पुढे सरकत गेलो. काही अंतरापर्यंत हात टिकत होता, आणि एका जागी मी तो झटकन मागे घेतला. ती जागा मला ओळखीची वाटली. उद्घाटनाचा लाल गालिचा तिथेच संपला होता. जिथपर्यंत पाहुणे चालले तिथपर्यंत लोकर होती.

"ये बाद में भरा है साब," ठेकेदार म्हणाला.

"काम तुम्हारा है ना? हाथ रखो."

त्याने खिशातून रुमाल काढला.

"रुमाल नाई चालत," वस्ताद म्हणाला. "आमच्या पोरायले बी नाई चालत."

"ठेवा हो," गिरदावर कप हातात घेऊन म्हणाले, "चहा थंडा होऊन राह्यला."

ठेकेदाराने दोन्ही हात पाठीमागे घेतले. जुन्या काळी न्यायसभेत आरोपीला तापलेले लोखंड उचलायला लावत आणि त्याला दिव्य म्हणत. त्याबद्दल वाचलेले आहे, पण तसे करण्याचा मोह मला झालेला नाही. हात न ठेवणे हा पुरावा नाही, हे मी तिथेच पंचांना सांगितले. कापूस नंतर कोणी भरला असता तरी नळ असाच तापला असता. कापूस कधी भरला, हा खरा प्रश्न होता.

मी शिडी लावायला सांगितली आणि स्वतः वर चढलो. छतापाशी पत्र्याचे स्क्रू दिसले. प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरच्या खाचेत चंदेरी रंग भरून वाळलेला होता, कुठेही चिरलेला नव्हता. शिडीवर उभ्या उभ्याच मला माझ्या शर्टाची बाही आठवली. स्क्रू फिरवला की खाचेतला रंग फुटतो. इथे फुटला नव्हता. म्हणजे उद्घाटनाच्या सकाळी रंग मारल्यापासून हा पत्रा कोणी उघडलाच नव्हता.

पंचांना एकेकाला वर चढवून स्क्रू दाखवले. मास्तरांनी शिडी दोन्ही हातांनी धरली, पण नीट पाहिले. मग आम्ही पहिला स्क्रू फिरवला. रंगाचा पापुद्रा तडकून पडला. पत्रा उचलला तर आत जळून काळा झालेला कापूस. आणखी दोन ठिकाणी उघडले, तिथेही तेच. मिलमालकाचा चेहरा मी पाहिला. त्याला खरोखर काही ठाऊक नव्हते. आपण कशाखाली मिल चालवत होतो ते कळल्यावर त्याने कोर्टाच्या हुकुमाची वाट न पाहता स्वतःच बॉयलर बंद करायला सांगितला.

रंग त्याच दिवशी मारला याला माझ्या बाहीखेरीज पुरावा हवा होता. तो मालकाच्या हौसेने दिला. उद्घाटनाचा मोठा व्हिडिओ काढलेला होता. त्यात पाहुणे फीत कापताना त्यांच्या डोक्यामागे, छतापाशी, रंगारी शिडीवर स्पष्ट दिसत होते, आणि खाली हात उगारलेला ठेकेदार. आयुष्यभर केलेल्या उद्घाटनांच्या बंदोबस्तातून एवढे एकच काम निघाले, पण ते चोख निघाले.

ठेकेदार दुपारपर्यंत बोलता झाला. लोकर त्याने विकली होती, जिनिंगमधला टाकाऊ कापूस भरला होता, आणि यूनियनने तीच लोकर घेतल्याचे कळल्यावर निनावी फोनही त्यानेच करवला होता. पोलिसांपुढच्या कबुलीला कोर्टात किंमत नसते, म्हणून लग्नाहून परतलेल्या भंगारवाल्याकडून त्याची ओळख पटवून घेतली. वस्तादविरुद्ध पुरावा नसल्याचा अहवाल मी कोर्टात दिला आणि तो त्याच दिवशी सुटला.

शेडचे सील काढायला अध्यक्षांनी मंडप, माइक आणि माझ्यासाठी हार अशी तयारी केल्याचे कळले. मी ठरलेल्या वेळेच्या बराच आधी, हवालदाराला घेऊन गेलो आणि सील काढले. तिथे वस्ताद होता, काही शिकणारे होते आणि दवाखान्यातून सुटलेली ती बाई होती. उजव्या हाताला अजून पट्टी. शेडमधल्या नळात वाफ सोडलेली होती आणि एका तरुणाची परीक्षा चालली होती.

"बाई, तुमी नका ठेवू," वस्ताद तिला म्हणाला.

ती नळाजवळ गेली. मग तिने डावा हात ठेवला. बोटे आधी, मग तळवा. तिने श्वास सोडला आणि वस्तादकडे पाहिले.

"प्या आता चहा," ती म्हणाली. "घाई नाई."

त्यानंतर नोकरीची जी वर्षे उरली होती, त्यांत मी एक सवय लावून घेतली. कोणावरही दोषारोपपत्र पाठवायचे असले की सहीआधी चहा मागवायचा आणि तो संपेपर्यंत त्या कागदांवर हात ठेवून बसायचे. साहेबांना चहाचे व्यसन लागले, असे ठाण्यात सगळे म्हणत. काही वेळा अर्ध्या कपातच हात उचलावासा वाटे. त्या दिवशी सही होत नसे, तपास पुन्हा सुरू होई.