हणमंतराव बोंगाळे यांचं फोटोंचं पुस्तक

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान हणमंतराव बोंगाळे यांचं हुबळीच्या दाजीबानपेठेत खणांचं दुकान होतं. आम्ही त्यांना दाजी म्हणत असू. पेठ त्यांच्या पणजोबांच्याही आधीची, पण तिला ते नाव आपल्यामुळंच मिळालंय अशा थाटात ते पेठेतून चालत.

एकोणीसशे शहात्तर साली बदली होऊन निघालेल्या एका रेल्वेच्या साहेबाकडून त्यांनी जुना डबा कॅमेरा घेतला. फोटो ते काढत नसत. ते फोटोत उभे राहत. बटण दाबायचं काम अक्काकडं, म्हणजे माझ्या बहिणीकडं, शालिनीकडं. एका रोलात बारा फोटो निघत, त्यात दहा वेळा दाजी. उरलेल्या दोनांत उणकलच्या तळ्यावर धुणं बडवणाऱ्या बाया असत, नाहीतर गठ्ठा उतरवून भिंतीला टेकलेला हमाल.

"हे बघ, परत चुकून बटण दाबलंस," दाजी म्हणत.

"हो, चुकलंच," अक्का म्हणे, आणि ते फोटो उचलून स्वतःच्या ट्रंकेत ठेवी.

तीन वर्षांत शंभरावर दाजी जमले. तेवढ्यात त्यांची साठी आली. समाजाच्या मंडळानं सत्कार करायचं ठरवलं. खरं सांगायचं तर दाजींनी मंडळाचे सेक्रेटरी वेंकटेश यांना चारदा घरी फराळाला बोलावून ते ठरवून घेतलं. त्याच सुमारास धारवाडच्या एका निवृत्त प्राध्यापकांच्या घरी त्यांनी हातानं बांधलेलं फोटोंचं पुस्तक पाहिलं. काळी पानं, मध्ये पातळ बटर पेपर, फोटोंखाली पांढऱ्या शाईनं लिहिलेल्या ओळी. दाजींना रात्री जेवण गेलं नाही.

"विकतचा आल्बम कुणीही आणतंय," ते म्हणाले. "मी माझं पुस्तक माझ्या हातानं बांधणार."

जुन्या हुबळीत हेमावती नावाची बाई बायंडिंगचं काम करत असे. विद्यानगरच्या कॉलेजांतली फाटकी पुस्तकं तिच्याकडं येत आणि धडधाकट होऊन परत जात. दर रविवारी शिकवायला ती कबूल झाली. दाजी कोट घालून गेले. थर्मास धरायला अक्का बरोबर.

पहिला रविवार नुसत्या घड्या घालण्यात गेला. कागद एका दिशेनं सहज वाकतो, दुसऱ्या दिशेनं कुरकुरतो. घडी सहज वाकणाऱ्या बाजूनं घालायची, एवढं ती सांगत होती. दाजींनी चाळीस वर्षं कापड फाडलेलं. त्यांनी दोन घड्या घातल्या आणि म्हणाले, "आलं मला. पुढचं दाखवा."

"साहुकार्रे, सावकाश माडरी," हेमावती म्हणाली. माडरी म्हणजे करा. सावकाश हा शब्द कानडीतही आहे आणि मराठीतही, पण दाजींना तो दोन्हीत कळला नाही.

दुसऱ्या रविवारी तिनं पानांच्या मध्ये, शिवणीच्या बाजूला, बोटभर रुंदीच्या कागदी पट्ट्या घालून दाखवल्या. "फोटोला जाडी असतीय. एक फोटो काही नाही, पण साठ फोटो चिकटवले की पुस्तक पुढून फुगतंय. मागं पट्ट्या असल्या की दोन्हीकडची जाडी सारखी येतीय."

"म्हणजे कोऱ्या कागदाच्या चिंध्या शिवायच्या? वाया घालवायचा धंदा आहे हा."

तिसऱ्या रविवारी खळ आली. मैद्याची खळ, आणि किडा लागू नये म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद. दाजी खुर्चीवरून उठले. "माझ्या फोटोला विष लावू? साठीच्या वर्षी?" आणि आपलं शिक्षण पूर्ण झाल्याचं त्यांनी तिथल्या तिथं जाहीर केलं.

अक्का मात्र नंतरही हेमावतीकडं जात राहिली. राहिलेला थर्मास आणायला, असं तिनं घरी सांगितलं. एक थर्मास आणायला तिला पाच रविवार लागले आणि दाजींना त्यात काही वावगं दिसलं नाही.

इकडं दाजींनी घरच्या स्वयंपाकघरात स्वतःची खळ शिजवली. चिकटपणा वाढावा म्हणून त्यात गुळाचा पाक घातला. आपल्या या सुधारणेवर ते इतके खूश झाले की शेजाऱ्यांना बोलावून पातेलं दाखवलं. पट्ट्या घातल्याच नाहीत. फोटोंखाली स्वतःच्या अक्षरात ओळी लिहिल्या: 'हणमंतराव दुकानात.' 'हणमंतराव तळ्याकाठी.' 'हणमंतराव विचारात.' पुस्तक शिवून झाल्यावर ते मिटेना, म्हणून त्याच्यावर पाटा ठेवला. मग दृष्ट लागू नये म्हणून रेशमी खणात बांधून कपाटात ठेवलं, ते सत्काराच्या दिवसापर्यंत उघडलंच नाही.

सत्काराला पाहुणे म्हणून एक निवृत्त मामलेदार आले होते, कानडी गृहस्थ, पांढरा शर्ट घातलेले. हारतुरे झाले, वेंकटेश यांचं भाषण झालं. दाजींनी खणाची गाठ सोडली. गाठीतून सुटलेल्या पुस्तकानं आ वासला तो वासलाच. मागच्या रांगेत कुणीतरी खोकलं. मामलेदारांनी सभ्यपणानं पुस्तक हातात घेतलं आणि मधलं पान उघडलं. 'हणमंतराव विचारात' या फोटोतल्या हणमंतरावांना नाक उरलं नव्हतं. तिथून लाल मुंग्यांची रांग निघाली आणि मामलेदारांच्या बाहीत शिरली.

"अय्यय्यो, इरुवी! इरुवी!" म्हणत मामलेदार मंचावरच शर्टाची बटणं काढू लागले.

लोकांनी हसू दाबायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. मी पहिल्या रांगेत होतो. मीही हसलो, आणि त्याबद्दल मला अजून वाईट वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी दाजी तणतणत हेमावतीकडं गेले. त्यांना आवरायला मी बरोबर होतो.

"तुम्ही शिकवलं तेच मी केलं," दाजी म्हणाले.

हेमावतीनं दाबाखालचं एक छोटं पुस्तक काढून पुढं ठेवलं. ते मुकाट मिटत होतं, मुकाट उघडत होतं. आत तळ्यावरच्या बाया होत्या, भिंतीला टेकलेला हमाल होता, खळ ढवळणारे हेमावतीचे हात होते. खाली एक अक्षर लिहिलेलं नव्हतं. दाजींनी ते दोनदा चाळलं.

"कुणी बांधलं हे?"

"तुमच्या मालकीणबाईंनी."

दाजींनी पुस्तक हलकेच मिटलं. मला वाटलं, आता काहीतरी चांगलं बोलतील.

"कॅमेरा माझा होता," ते म्हणाले.

ते पुस्तक हेमावतीनं येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवलं. वर्षभरात अक्काकडं लग्नाचे फोटो येऊ लागले, मग बारशाचे, मग कॉलेजांच्या संमेलनांचे. दुकानाच्या माडीवर तिचं काम सुरू झालं आणि खाली पाटी लागली: 'बोंगाळे आल्बम. संचालक: हणमंतराव बोंगाळे.' संचालक खुर्ची टाकून बसत आणि गिऱ्हाइकाला ऐकवत, "पट्ट्या लागतातच. लोक ऐकत नाहीत, पण मी पहिल्यापासून सांगतोय." मोरचुदाचे गुणही सांगत.

मी एकदा अक्कावर चिडलो. "तू हे ऐकून कशी घेतेस गं?"

तिनं दोरा दातानं तोडला. "बोलू दे की. बोलत बसले की कामात हात घालत नाहीत."

शहाऐंशी साली धारवाडच्या एका महिला मंडळानं अक्काला शिकवायला बोलावलं. अर्थातच दाजीही कोट घालून निघाले. उद्घाटनाचं भाषण त्यांनी खिशात ठेवलं होतं. तिथं उद्घाटन वगैरे काही नव्हतंच. सतरंजीवर बारा बाया कागद घेऊन बसल्या होत्या. दाजींची खुर्ची खिडकीपुढं होती.

"अप्पा, जरा बाहेर बसता का? उजेड अडतोय," त्यातली एक म्हणाली.

दाजींनी अक्काकडं पाहिलं. अक्का घडी कशी घालायची ते दाखवत होती. तिनं मान वर केली नाही. ते खुर्ची उचलून व्हरांड्यात गेले. पोचवायला आलेला मी तिथंच उभा होतो. चहावाल्यानं कप देताना विचारलं, "आपण कोण?"

दाजींनी कप हातात घेतला. "आत शिकवतात ना, त्या बाईंचा नवरा," ते म्हणाले.

त्या एका वाक्यासाठी मी त्यांना बरंच काही माफ केलं असतं. पण चहाचा पहिला घोट पोटात जाताच ते पुढं म्हणाले, "तिच्या हातात कॅमेरा पहिल्यांदा मीच दिला. तिनं काढलेला पहिला फोटोही माझाच."