भिंतीपलीकडची गिरणी

पालमला बसस्थानकाच्या मागं, पंक्चरच्या दुकानाला लागून एक पिठाची गिरणी आहे. तिथं दळण टाकायचं तर आधी बोलणी खायची तयारी ठेवावी लागते. "निवडलंय का हे? माझ्या दगडाला खडे चारता व्हय?" असं रोहिणी सगळ्यांनाच म्हणते, मग पुढं सरपंचाची बायको असो की शाळेतले सर. बाई तोंडानं फटकळ, पण दळण असं की भाकरीला चीर जायची नाही. म्हणून लोक बोलणीही खातात आणि डबाही तिथंच ठेवतात.

गिरणी खरी तिच्या नवऱ्याची, नागेशची. तो म्हणजे अगदी उलट, अबोल गडी. दळण सुरू झालं की कापडी नळीखाली उजवा हात धरायचा, चिमूटभर पीठ अंगठ्यानं बोटावर चोळायचा आणि दगड जवळ-लांब करायचं चाक जरासं फिरवायचा, बस्स. रोहिणी डबे रांगेत लावायची, पैसे घ्यायची आणि दोघांच्या वाटणीचं एकटीच बोलायची. संसार असा झकास चालला होता.

गेल्या साली महालक्ष्म्या उठल्या आणि त्याच आठवड्यात नागेशला लकवा मारला. उजवी बाजू लुळी पडली. नांदेडच्या दवाखान्यातून घरी आणला तेव्हा पाय थोडा हलत होता, पण हात पडल्यासारखाच आणि तोंडातून शब्द नाही. डॉक्टर म्हणाले, "वाचा गेलेली नाही, हातसुद्धा येईल. पण माणूस मनातून उठला पाहिजे." आता हे कसं करायचं? घर गिरणीच्या मागंच, मधे एकच भिंत. त्या भिंतीशी त्याची खाट. तो भिंतीकडं तोंड करून जो पडला, तो हाक मारली तरी वळेना. रोहिणीला एकच धास्ती लागली, की हा माणूस असाच भिंतीकडं बघत बघत विझून जायचा.

पण गिरणी बंद ठेवून कसं चालेल? गाव काय गहू चावून खाणार? तिनं पदर खोचला आणि एकटीनं गिरणीचा पट्टा चढवला. दिवसभर रांग, मधेच लाईट जायची, मधेच नवऱ्याला उठवून बसवायचं, औषध पाजायचं. डोकं नुसतं भणभणायचं. भाजी करपायची, गॅसवर ठेवलेलं दूध उतू जायचं आणि एकदा तर बाईनं चहात मीठ टाकून पाहुण्यांना पाजला. पाहुणे बिचारे भिऊन पिले.

मग सुरू झाले सल्ले. थोरली जाऊ सविता म्हणाली, "सोळा सोमवार धर, मन शांत हुतंय." सोमवार धरले, तर उपाशीपोटी जीभ आणखीच धारदार झाली. कापड दुकानवाले बन्सीधर म्हणाले, "परभणीला शिबिर हाय, डोळे मिटून बसायचं." ही गेली, डोळे मिटले आणि जी झोप लागली ती शिबिर संपल्यावरच मोडली. शेवटी सविताच्या पोरीनं, पिंकीनं मोबाइलवर काहीबाही टाकून दिलं आणि कानात घालायची वायर दिली. "काकू, काम करता करता ऐकायचं. एकदम शांत वाटतंय बघ." हे मात्र रोहिणीला पटलं. काम पण होणार आणि शांती पण मिळणार, एका दळणात दोन डबे!

इथंच घोळ झाला. गिरणीचे दगड फिरून फिरून गुळगुळीत होतात. मग छिन्नी-हातोडीनं त्यांना पुन्हा खरबरीत करावं लागतं, त्याला टाकी लावणं म्हणतात. टाकी लावल्यावर दगडाची बारीक कच पहिल्या पिठात उतरते. म्हणून त्या दिवशीचं पहिलं दळण माणसाचं नसतं. गिरणीवाला घरचीच थोडी जुनी ज्वारी आधी घालतो आणि ते पीठ टाकून देतो. हा रिवाज नागेशनं कधी चुकवला नव्हता. त्या दिवशी टाकीवाला गेला, रोहिणीनं कानात वायर घातली आणि आत एक गोड आवाज सांगू लागला, श्वासाकडे बघा, सगळं सोडून द्या. समोर दगडाबाई उभी. मागच्या वस्तीवरची ही म्हातारी, विहारात जाणारी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. ती म्हणाली, "माझं टाक गं आधी, उन्हं चढायलीत." रोहिणीनं सगळं सोडून दिलं ते दिलंच, आणि म्हातारीची ज्वारी सरळ गिरणीत ओतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दगडाबाई फडक्यात भाकरी गुंडाळून हजर. तिनं तुकडा मोडून रोहिणीच्या हातावर ठेवला. रोहिणीनं खाल्ला आणि दाताखाली कच्चकन वाजलं. बायकांची रांग बघत होती. दुसऱ्याला खड्यावरून झाडणारी रोहिणी, तिच्याच पिठात कच!

"मावशी, चुकलं," ती म्हणाली. "टाकीचं पैलं दळण तुमच्या डब्यात घातलं. घरची ज्वारी दळून देते, पण शिव्या द्या मला."

"शिव्या कशापायी देऊ?" दगडाबाई म्हणाली. "तू काल हितं नव्हतीसच. माझा लेक गेला त्या साली मी बी अशीच करायची. कापूस येचायला जावं आन् बोंडं झाडावरच ठेवून पुढं जावं. मालकीण लय बोलली. मग म्हणलं, आता हे एक बोंड. मग हे एक. तेवढ्यानंच मी शानी राहिले बघ. विहारात बी तेच सांगतेत. दळताना दळ, बाई."

रोहिणीनं त्याच पावली वायर काढून खुंटीला टांगली. म्हातारीसाठी घरची ज्वारी दळायला घेतली आणि, काय वाटलं कोण जाणे, नळीखाली हात धरला. हे काम नेहमी नागेशचं, तिनं कधी केलंच नव्हतं. पीठ कोमट होतं. ते ओंजळीत पडत राहिलं तसं तिला दगडाचा आवाज नीट ऐकू यायला लागला. वर धान्य आहे तोवर तो भरल्या पोटी घरघरतो, आणि धान्य संपत आलं की आवाज चढतो. त्याला नागेश म्हणायचा, दगड उपाशी फिरायलाय. त्या दिवशी तिनं एकेक डबा नुसता दळला. हा बाळंतिणीच्या घरचा, हा जावई यायचा त्या घरचा, हा एकट्या मास्तरांचा. संध्याकाळी तिच्या लक्षात आलं की दिवसभर डोकं भणभणलंच नाही. देव भेटला असं ती म्हणत नाही, पण देव्हाऱ्यापुढं बसून जे मिळत नव्हतं, ते या पिठात होतं एवढं तिला कळलं. तिला फार फार बरं वाटलं.

मग तिच्या डोक्यात आलं, मला बरं वाटलं तर त्याला का नाही वाटणार? दुसऱ्या दिवसापासून गिरणीत वर धान्य ओतलं की ते दळून होईतो ती मूठभर ताजं पीठ घेऊन मागं जायची आणि नागेशच्या लुळ्या उजव्या हातावर ठेवायची. "बघा, गव्हाचं हाय. बघा, आज बाजरी." हात तसाच पडून असायचा, पीठ चादरीवर सांडायचं. सविता म्हणाली, "येड लागलंय का गं तुला? चादरी धुवून मरशील." रोहिणी म्हणाली, "जाऊबाई, चादर माझी, नवरा माझा आन् पीठ बी माझंच. तुमचं काय सांडायलंय?" थंडी गेली, ऊन तापलं, हात काही हलला नाही. पण तिनं हिशेब ठेवणं सोडलं होतं. पीठ ठेवायचं आणि परत यायचं, बास.

बाजाराचा दिवस होता. पाय ठेवायला जागा नव्हती. आश्रुबामामा म्हशींसाठी मका आणि तूर भरडायला घेऊन आले होते. ते भरडून झालं, रोहिणीनं पुढचा गहू वर ओतला आणि घाईघाईत मूठ भरून मागं पळाली. नागेशच्या हातावर मूठ रिकामी केली. "बघा, गव्हाचं," म्हणाली आणि परत वळली.

मागून काहीतरी खरखरलं. तिनं वळून बघितलं. नागेशचा अंगठा हलत होता. हळूहळू, थरथरत, तो बोटावर घासत होता. मग त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या, लग्नापासून तिनं इतक्या आठ्या पाहिल्या नव्हत्या. त्यानं मान वळवली, भिंतीकडून तिच्याकडं.

"हे... काय दळलंस?" तो म्हणाला. शब्द जड, बोबडे, पण राग पक्का. "मान्सं... खातेत व्हय हे?"

रोहिणीनं त्याच्या हाताकडं बघितलं. घाईत तिनं भरड्यातच मूठ घातली होती!

"न्हाई हो," ती म्हणाली आणि तिला रडूच फुटलं. "म्हशी खातेत. आश्रुबामामाच्या म्हशी खातेत."

"टाकीच्या दिशी बी," तो अडखळत म्हणाला, "पैलं दळण... मावशीचं घातलंस. म्या ऐकलं. लय... वरडावं वाटलं."

रोहिणीनं त्या भिंतीकडं बघितलं. म्हणजे हा माणूस भिंतीकडं बघत पडला नव्हता. भिंतीला कान लावून रोज गिरणी चालवत होता, तिच्याबरोबर, एकेक डबा. आणि ती बया इकडं त्याला विझलेला समजून सोमवार धरत बसली होती. तिनं त्याचा हात भरड्यासकट छातीशी धरला आणि पोटभर रडली.

नागेशनं मात्र मान पुन्हा भिंतीकडं केली. "राहू दे आता. जा... दगड उपाशी फिरायलाय."

तिनं कान दिला. खरंच, पलीकडं आवाज चढला होता. ती डोळे पुसत पळाली.

"दगड बी... जराक जवळ घे!" मागून आवाज आला.

"कळतंय मला!" रोहिणी गिरणीच्या दारातून ओरडली. सगळी रांग तिच्या तोंडाकडं बघत राहिली, कारण बाई ओरडत होती आणि हसत होती.