डोक्यावरचा हात

एकाच धरणावर पाच जण वर्षानुवर्षं वाऱ्याची वाट बघत बसले, की किस्से साचत जातात. दुष्काळात धरणात पाणी साचलं नाही, पण आमचे किस्से तेवढे साचले!

आम्ही छत्रपती संभाजीनगरचे काईटबोर्डिंगवाले. पायाखाली फळी, कमरेला मोठा पतंग, आणि वारा ओढेल तसं पाण्यावरून पळायचं. सुरुवातीला सगळ्यांकडे सी काईट होती. इंग्रजी सी अक्षरासारखी वाकलेली, स्वभावानं तापट. एकदा वर गेली की तिचा जोर कमी होत नाही, आणि एकट्याला ती उतरवता येत नाही. उतरायचं असलं की डोक्यावर हात ठेवायचा, मग काठावरच्यानं पळत येऊन ती धरायची. म्हणून शेवटचा माणूस उतरेपर्यंत कुणी काठ सोडायचा नाही, हा आमचा नियम.

*

पहिली नवी काईट बँकेतल्या जोशीनं आणली. हातातला दांडा पुढं ढकलला की पतंगाचा जोर गायब, उतरवायलाही कुणी नको! लासूर स्टेशनचा उत्तम कंपनीत फिटर, आणि आमच्यातला सगळ्यात पट्टीचा. तो म्हणाला, "लई शहाणी हाय. मंग तुला आमी कशाला?"

आम्ही हसलो. वर्षभरात उत्तम सोडून चौघांकडंही नव्या आल्या.

*

पाणी इतकं मागं हटलं की गाडीपासून काठापर्यंत अर्धा तास चालावं लागे. शहरात नव्या कॉलन्या आणि कोरडे बोअर. जोशीची बायको कडाडली, "नळाला थेंब नाही आणि तुम्ही पाण्यावर खेळायला निघालात?"

"आहे का ते बघून येतो!" जोशी म्हणाला.

*

नव्या फ्लॅटमधला एक जण शिकायला आला. उत्तमची काईट बघून म्हणाला, "काका, ये तो म्यूझियम में रखने की चीज है!"

"ठिवू की. पन आधी एकदा हातात तर धर."

त्यानं धरली नाही. उत्तमला शिकवायची फार हौस होती. त्याच्याकडून कुणीच शिकलं नाही.

*

आता त्या रविवारचं. आम्ही चौघांनी आपापल्या काईट उतरवल्या, गुंडाळल्या आणि थेट ढाबा गाठला. शेवभाजी सांगितली. पोऱ्या म्हणाला, "चार ताट?" मी सवयीनं म्हणालो, "पाच." उत्तम अजून पाण्यावरच होता!

गाडी काढली, पुढं काठापर्यंत पळत गेलो. उत्तम सुकलेल्या चिखलात बसला होता. शेजारी शेळ्या राखणारी एक म्हातारी, हातात काईट घट्ट धरलेली. उत्तमनं काईट सोडून दिली असती, तर वेड्या बाभळीत तिच्या चिंध्या झाल्या असत्या. तशी दुसरी आता मिळतही नाही.

म्हातारीच सांगू लागली, "कवाचा डोक्याला हात लावून हुबा व्हता. मला वाटलं, घरात कुनाचं काय झालं. म्हनून आले, तर म्हनतो, मावशी, हिला धरा!"

"अरे, आम्हाला वाटलं तुझा तू उतरशील," जोशी म्हणाला. उत्तम दोऱ्या गुंडाळत राहिला. मला माझीच लाज वाटली. तो नियम मीच केला होता.

पुढच्या रविवारी मी आधीच सांगून टाकलं, "उत्तम, आज मी आहे. शेवटपर्यंत."

त्यानं मान हलवली. काईट तशीच बांधलेली ठेवली आणि शेळ्यांकडं चालत गेला.

"मावशी, आज किती वाजेपर्यंत थांबता तुमी?"