देवीचा कप्पा

वडगावात मंजुश्रीची ओळख दोन तऱ्हेची. गल्लीतल्या बायकांना ती नागुबाईची सून, शुक्रवारी देवीची ओटी न चुकवणारी. आणि विणकर सोसायटीत ती कॉम्प्युटरवाली. बेळगावातल्या एका लहानशा कंपनीत प्रोग्रॅम लिहायचं तिचं काम. सोसायटीच्या गोडाऊनचा प्रोग्रॅमही तिनंच हौसेनं लिहून दिलेला. कुठली साडी कुठल्या कप्प्यात ठेवायची ते पडद्यावर येई आणि गोडाऊनमधल्या मालुबाई तशी ठेवत.

उत्सवाची सकाळ होती. मागाच्या घरांनी दिलेल्या साड्या गोडाऊनमधल्या देवीच्या कप्प्यातून आणून देवळात परातीत रचल्या होत्या. सगळ्या हिरव्या, लाल काठाच्या. देवीला कागद चिकटलेला चालत नाही म्हणून नंबराच्या चिठ्ठ्या काढून टाकलेल्या. आरतीला यातलीच एक देवीला नेसवायची. नियम एकच, पण कडक: साडीची घडी मोडलेली नको. एकदा माणसाच्या अंगाला लागली की ती साडी माणसाची.

मालुबाई हसत हसत मंजुश्रीच्या कानाशी आल्या.

"तुजं कॉम्प्युटर लई भक्त झालंय गं! पुण्याची बाई लग्नात नेसून साडी परत पाठवती आणि ते म्हणतंय, देवीच्या कप्प्यात ठेव. मी ठेवली बाई. ती तू मागनं उचलली असशीलच."

मंजुश्रीच्या हातातलं हळदीकुंकवाचं ताट कलंडता कलंडता राहिलं.

"ओळखू येईल काय हो ती?"

"कशी येणार? इस्त्री करून, तशीच घडी घालून ठेवलीया. समद्या जुळ्या बहिणी!"

मंजुश्रीला ती दुपार लख्ख आठवली. प्रोग्रॅममध्ये तिनं 'साडी' हा मूळ प्रकार केला होता. लांबी, काठ, विणणाऱ्याचं नाव, सगळं त्यात. 'देवीची साडी' हा त्याचा वारसदार प्रकार. आईचं सगळं लेकीकडं यावं तसं साडीचं सगळं तिच्याकडं आपसूक आलेलं, वर अट एक जादा, घडी न मोडलेली. 'कप्पा' मात्र तिनं एकदाच लिहिला. तो कशाचाही होई. साडीचा, धोतराचा, देवीच्या साडीचा. कशाचा, ते तेवढं सांगायचं.

मग एक काम असं लिहिलं, की त्याच्या हाती साड्यांचा कप्पा द्यावा. ते आतला माल मोजील आणि परत आलेली साडी रिकाम्या जागी लावील. त्याच्या हाती तिनं देवीचा कप्पा दिला आणि मशीन अडलं. हा साड्यांचा कप्पा नव्हे, म्हणालं.

'देवीची साडी ही साडीच की!' ती वैतागली होती. कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, नणंद रक्षा हाका मारत होती. तिनं जबरदस्तीनं तो कप्पा साड्यांचा ठरवला. मशीननं इशारा दिला, तो तिनं बंद केला.

आता तिला कळत होतं मशीन काय सांगत होतं ते. देवीची साडी साडीच आहे, खरं. पण देवीचा कप्पा साड्यांचा म्हणून दुसऱ्याच्या हाती दिला, की तो त्यात कुठलीही साडी घालायला मोकळा.

बाहेर हलगी सुरू झाली. पुजाऱ्यांनी परातीकडं हात नेला. बोललं नाही तर कुणालाच कळणार नव्हतं. फक्त तिला. आणि समोर जी बसली होती तिला.

"थांबा! साडी उचलू नका!"

हलगी थांबली. तिनं सगळं सांगितलं. सोसायटीचे शामूअण्णा लालबुंद झाले.

"एवढ्या घरांच्या साड्या बाटवल्यास व्हय? आमच्या वहीनं कधी देवी बाटवली न्हवती!"

"एकच आहे अण्णा, पण कुठली ते आता कळायचं न्हाय."

"मग देवीला काय नेसवू? तुजं कॉम्प्युटर?"

कुणीच हसलं नाही. बायका आपापल्या घरच्या साडीकडं बघत होत्या. मंजुश्रीनं सासूकडं बघायचं टाळलं. पण नागुबाईच उठल्या.

"मागावर एक हाय. हिरवीच हाय. कुणाच्या अंगाला लागायचा सवालच न्हाय, अजून कापलीबी न्हाय."

"आत्या, ती रक्षाच्या साखरपुड्याची!"

"ठावं हाय मला. चल, कांड्या भरून दे."

घरी मागावरच्या साडीच्या पदराचा थोडा भाग विणायचा राहिला होता. नागुबाई मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसल्या आणि धोटा पळू लागला. मंजुश्री धोट्यात घालायच्या कांड्यांवर धागा भरत होती. जरीचा धागा तुटला की पुन्हा जोडत होती. दारात रक्षा ओठ आवळून उभी. आरतीची वेळ टळत चालली तसे शामूअण्णा उंबऱ्यापर्यंत दोनदा येऊन गेले.

"वैनी," रक्षा शेवटी म्हणाली, "माझ्या साखरपुड्याला काय परकर नेसू?" आणि मग स्वतःच पुढं होऊन कात्री शोधून दिली.

साडी सगळ्यांसमोर मागावरून कापली. तीच देवीला नेसवली. परात झाकून सोसायटीत परत गेली. आरतीत मंजुश्रीच्या शेजारी त्या दिवशी फारसं कुणी उभं राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं ते काम फोडून दोन केलं. मोजणाऱ्याला कुठलाही कप्पा द्यावा, साडीचा वा साडीच्या वारसदाराचा; त्यानं आत बघावं, ठेवू मात्र काही नये. परत आलेली साडी लावणाऱ्याला फक्त साध्या साड्यांचा कप्पा. जबरदस्तीची ओळ तिनं पुसली आणि बंद केलेला इशारा सुरू केला. मग मुद्दाम देवीचा कप्पा लावणाऱ्याच्या हाती देऊन बघितला. मशीन अडलं. पडद्यावर लाल ओळ आली.

ती तिनं सावकाश, पूर्ण वाचली. मग आत गेली. रिकाम्या मागावर नागुबाई रक्षासाठी नवा ताणा चढवत होत्या. मंजुश्री दुसऱ्या बाजूला बसली आणि धागे सांधू लागली.