चिंतामणी आणि माझ्या नऊ जोड्या

दहावीत संभाव्यतेचा धडा आला आणि मला वेडच लागलं. सर सांगायचे, "सगळ्या शक्यता लिहा. एक जरी सुटली तरी उत्तर गेलं." मग काय, मी दिसेल त्याची यादी करत सुटले. आमच्या दोन शेळ्या गाभण होत्या. करडू मादी असेल तर पाट, नर असेल तर बोकड. पाट-पाट, पाट-बोकड, बोकड-पाट, बोकड-बोकड, असं मी गोठ्याच्या दारावर खडूनं लिहून ठेवलं. पहिल्याच शेळीला जुळं झालं. आई आठवडाभर हसत होती.

निकाल लागल्यावर मात्र हसू पळालं. मला अकरावीला सोलापूरला जायचं होतं, हॉस्टेलवर राहून. अण्णा हो म्हणेनात, नाही म्हणेनात. शेवटी म्हणाले, "तुळजापूरला जाऊ. चिंतामणीला इचारू."

देवीच्या देवळातला हा चिंतामणी म्हणजे गोल दगड. त्यावर दोन्ही हात ठेवून मनात प्रश्न विचारायचा. उजवीकडं फिरला तर होय, डावीकडं फिरला तर नाही, जागचा हललाच नाही तर थांबा. अण्णांनी वर अट घातली, "म्या इचारणार, तुझी आई इचारणार. दोघांलाबी उजवा आला तरच जायचं."

आमच्या गावाहून, माकणीहून, एसटीत बसले आणि वहीचं मागचं पान काढलं. आईचे तीन, अण्णांचे तीन, एकूण नऊ जोड्या. त्यातली माझ्या कामाची एकच! मी ओरडलेच, "अण्णा, नवात एक! हा काय न्याय झाला?"

"अन् थांबला तर?" अण्णांनी विचारलं.

"थांबला तर फॉर्मची तारीख जाती. म्हंजे तेबी न्हाईच."

"मग तसंच," अण्णा म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले. मला त्यांचा इतका राग आला की उतरेपर्यंत मी वहीत 'नवात एक' गिरवत राहिले.

रांगेत आई पुढं होती. तिनं हात ठेवले, डोळे मिटले, आणि दगड सर्रकन उजवीकडं! मी टुणकन उडी मारली. सहा जोड्या एका फटक्यात बाद, उरल्या तीन. नवात एकचं तिनात एक झालं.

मग अण्णा बसले. हात ठेवले. ओठ हलले, म्हणजे प्रश्नाला सुरुवात झाली असावी. मी दगडाकडं बघत मनात घोकत होते. उजवा, डावा, थांबला. उजवा, डावा, थांबला.

दगड हलायच्या आधीच अण्णांनी हात उचलले. दगडाला नमस्कार केला आणि उठून बाजूला आले.

"अवो, काय झालं?" आईनं विचारलं.

"डावा आला तर म्या मानणार न्हाय," अण्णा म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. "मग देवीला कशापायी इचारायचं? जाऊ द्या पोरीला."

मी इतकी मोठ्यानं हसले की रांगेतली बायामाणसं वळून बघायला लागली. हसता हसता रडूही येत होतं. मागच्या मावशींनी कौतुकानं विचारलं, "उजवा आला वाटतं गं?"

"न्हाय मावशी," मी म्हटलं, "आमच्या अण्णांनी इचारलंच न्हाय!"