हैदर नालबंदाच्या पायाची गोळी

घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात हैदर नालबंद बैलांच्या खुरांना लोखंडी पत्र्या मारायचा. दोर टाकून बैल असा अलगद आडवा करायचा, की जनावर बिथरतसुद्धा नसे. मग चारही पाय बांधायचे, खूर तासायचे आणि पत्री ठोकायची. लांबलांबचे शेतकरी हैदरभाईच पाहिजे म्हणून खोळंबून राहत. अशा माणसाचा स्वतःचाच पाय तिशी उलटता उलटता दुखायला लागला. उजव्या अंगठ्याच्या सांध्यात आग पडायची, सांधा लाल होऊन टरारायचा; पांघरुणाचं टोक लागलं तरी तो ओठ आवळून घ्यायचा. आठवड्याभरात दुखणं आपोआप उतरायचं, पुन्हा कधीतरी यायचं. त्याचा बापही पायाने अधू होता आणि चाळिशीच्या आत अंग सुजून गेला, एवढं त्याच्या बायकोला, रोशनबीला, ऐकून माहीत होतं. पण या दोन गोष्टींचा काही संबंध असेल असं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

एकाहत्तरच्या हिवाळ्यात हैदरला उठताच येईना. शेजारच्या पुंजारामने त्याला गाडीत घालून एस.टी.पर्यंत पोचवलं आणि रोशनबी त्याला घेऊन नगरला आली. दवाखान्यातले डॉक्टर निसळ मुंबईहून शिकून नुकतेच आले होते. त्यांनी पाय पाहिला, रक्त आणि लघवी तपासायला पाठवली, पण विचारत राहिले ते घराण्याबद्दलच.

"तुमच्या रक्तात यूरिक ॲसिड फार साचलंय," तपासणीचे कागद आल्यावर ते म्हणाले. "ते पायात बसतं, तसंच मूत्रपिंडातही बसतं. पाय दुखतो म्हणून कळतो. मूत्रपिंडाचं कळत नाही."

"मग ते काढायचं कसं?" हैदरने विचारलं.

"मुळात बनूच द्यायचं नाही. शरीरातलं एक एन्झाइम हे ॲसिड तयार करतं. ही नवी गोळी त्या एन्झाइमला धरून ठेवते, काम करू देत नाही."

हैदर तेवढ्या दुखण्यातही हसला. "म्हंजी त्याला आडवं पाडून बांधायचं."

"तसंच. पण रोज बांधावं लागेल. आणि सुरुवातीला पाय उलट जास्तच दुखेल. घाबरून गोळी सोडू नका."

पाय खरंच जास्त दुखला. पंधरा-वीस दिवसांनी हैदरने गोळ्यांची बाटली अंगणात भिरकावली. "इख हाय ह्ये," तो म्हणाला. रोशनबीने मातीतून एकेक गोळी वेचली, पदराला पुसली. "डॉक्टरांनी आधीच सांगितलं हुतं. घ्या," म्हणाली. त्या दिवसापासून सकाळच्या भाकरीआधी ती स्वतः गोळी त्याच्या तळहातावर ठेवायची आणि तो गिळेपर्यंत समोरून हलायची नाही.

उन्हाळ्यात पायाची सूज बसली. हैदर चपला घालून बाजारात गेला, आणि परत आला तोही चालतच. पुढे पाऊस झालाच नाही, दुष्काळात लोक बैल विकायलाच आणू लागले आणि पत्र्या मारायचं काम आटलं. तरी ते वर्ष रोशनबीला सुखाचं वाटलं. नवरा रात्रभर कण्हत नव्हता. दुखणं गेलं असंच दोघं धरून चालले.

मग एका सकाळी त्याचे डोळे सुजलेले दिसले. अन्नाची शिसारी बसली. श्वासाला लघवीसारखा वास येऊ लागला. रोशनबी त्याला पुन्हा नगरला घेऊन आली आणि डॉक्टर निसळांनी परत सगळं तपासलं.

"मूत्रपिंडं आकसलीत," ते म्हणाले. "पहिल्यांदा आलात तेव्हाच निम्म्याहून जास्त गेलेली होती. मला वाटलं होतं, उरलेली गोळीने टिकतील."

"पन पाय तर बरा झाला," रोशनबी म्हणाली.

"पाय बरा झाला, बाई. मूत्रपिंडं नाही," डॉक्टर म्हणाले. रक्त धुवायचं यंत्र मुंबईत होतं, पण आठवड्यातून दोनदा मुंबई या माणसांना कशी जमणार, ते त्यांनाही कळत होतं.

रोशनबी उठायला लागली, तसा हैदर म्हणाला, "डॉक्टर, माज्या पोरीचा बी अंगठा सुजतोय. तिची आई म्हनती ठेच लागली. मी बी आधी तसंच म्हनत हुतो."

रोशनबीला वाटलं होतं, ठेचेचं त्याला पटलंय. त्यांच्या सोळा वर्षांच्या मुलीचं, गौहरचं, लग्न नेवाशाला जमलं होतं. दोनदा पाय सुजला तेव्हा रोशनबीने हळदीचा लेप लावून पोरीला बजावलं होतं, कुणाला बोलू नको. ती खाली बघत पुटपुटली, "सासरच्यांना कळलं तर?"

"कळू दे," हैदर म्हणाला. "सोयरीक मोडली तर घरात ऱ्हाईल. जित्ती तर ऱ्हाईल."

गौहरला तपासलं. रक्तात ॲसिड बापासारखंच होतं. मूत्रपिंडं मात्र अजून चांगली होती. डॉक्टरांनी तीच गोळी सुरू केली.

पुढच्या पावसाळ्याआधीच हैदर गेला. शेवटचे दिवस तो ग्लानीतच होता; मधूनच हात उचलून दोर आवळल्यासारखं करायचा. रोशनबी ते हात धरून बसायची. चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर ती भावाला घेऊन नेवाशाला गेली आणि गौहरचं दुखणं तिने स्वतःच सांगितलं. त्या लोकांनी मान देऊन ऐकलं, चहा पाजला. नंतर निरोप आला नाही. गौहरने लग्नासाठी शिवलेले कपडे घडी करून पेटीच्या तळाशी ठेवले.

दिवाळीनंतर मायलेकी पुन्हा नगरला गेल्या. ॲसिड उतरलं होतं. डॉक्टर खूश दिसले. रोशनबीने विचारलं, "म्हंजी पोरगी वाचली?"

"ॲसिड उतरलं एवढं नक्की," डॉक्टर म्हणाले. "मूत्रपिंडं वाचतील का, हे आजच सांगितलं तर ते खोटं होईल. औषध नवीन आहे. तिचा बाप गेला ते वय तिला ओलांडू द्या, मग कळेल."

परतीच्या एस.टी.त गौहर खिडकीला डोकं टेकून झोपली. रोशनबी मनात हिशेब करत होती. हैदर जाताना अडतीसचा होता. पोरीला अजून वीस-बावीस वर्षं. तोवर आपण असू की नसू, आणि नसलो तर सकाळी तिच्या हातावर गोळी कोण ठेवील, या विचारावर ती अडून राहिली. घोडेगाव आलं तरी तिने पोरीला लगेच उठवलं नाही. कंडक्टरने दोनदा हाक मारली, तेव्हा कुठे तिच्या खांद्याला हात लावला.