मंजुषाबाई वर्षं मागं नेतात

चाकणजवळच्या आमच्या जिल्हा परिषद शाळेत मी, गवराबाई, खिचडी शिजवते. चौथीच्या मंजुषाबाई रोज पुनावळ्यावरनं गाडीवर येत्यात. किडकिडीत बाई, आवाज मागच्या बाकापर्यंत जाईना. ही काय पोरं आवरनार, असं मी तोंडावरच बोलले व्हते. माझ्या जिभेला हाड न्हाई, समद्या गावाला ठाव हाय.

शाळेला मिळालेला मोठा टीव्ही खराब हुईल म्हणून कपाटात कुलपात व्हता. बाईंनी तो काढून भिंतीला लावला. विज्ञानाच्या तासाला त्यात बी रुजताना दाखवलं. जलमभर पेरनी केली मी, पन मातीखाली काय चालतं ते तवा पयल्यांदा बघितलं. खिचडी करपली, तरी मी जागची हलले न्हाई.

गावात मात्र बोभाटा झाला, की शाळेत पिच्चर दाखवत्यात. अर्जुनराव तडक नातीचा, निशिगंधाचा, दाखला काढायला आले. इंग्रजी शाळेत घालनार व्हते. त्यांच्या मागं बाकीची घरंबी गेली असती, म्हंजी बाईंचा वर्गच मोडला असता. बाई भांडल्या न्हाईत. परिसर अभ्यासाचा तास चालू हाय, घटकाभर बसा म्हणल्या, आन् आपला मोबाईल निशिगंधाच्या हातात दिला. त्यात केलेलं टीव्हीवर दिसायचं.

पोरीनं आभाळातनं काढलेला गावाचा फोटो उघडला. कंपनीचं निळं छप्पर दिसलं. मग ती बोटानं एकेक वर्ष मागं सारू लागली. रस्ता गेला, पार्किंग गेलं, छप्पर गेलं. अगं आई गं! त्या जागी हिरवी रानं आली. विहीर आली. आन् बांधाजवळ एक पांढुरका गोल.

अर्जुनराव ताडकन उठले. आता शिव्या घालत्यात, म्हणून मी उलथनं घेऊनच दारात उभी. पन त्यांनी वाकून पायातलं पायताण काढलं, दाराबाहेर ठिवलं, आन् टीव्हीसमोर हात जोडले.

बाईंना काय उमगंना. मला मात्र लगीच उमगलं. तो गोल म्हंजी अर्जुनरावांचं खळं, धान्य मळायची जागा. खळ्यात पायताण घालून आमच्यात कुनी शिरत न्हाई.

निशिगंधा जलमायच्या आधीच ते रान कंपनीत गेलं व्हतं. घरात कुनी त्याचं नाव काढत नव्हतं.

"आबा, हे कुनाचं?" तिनं इचारलं.

"आपलं," म्हणले. डोळे पुसून बाईंकडं वळले.

"पोरगी हितंच शिकंल. पन बाई, तास संपायच्या आत पुन्यांदा एकडाव मागं न्या."